कायद्याला नव्हे, जकातीला विरोध हवा

निर्यातवाढीच्या परिसंवादांतून आणि उद्योगपतींच्या निवेदनांतून एक तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते. युरोपचे अन्नविषयक नियम जाचक आहेत, त्यांमुळे भारतीय फळांचा जॅम तेथील दुकानांच्या फळीवर पोचत नाही, तेव्हा सरकारने वजन खर्च करून ते नियम सैल करून घ्यावेत, अशी ती तक्रार आहे. आश्चर्य असे की, चळवळीतील काही कार्यकर्तेही हीच तक्रार वेगळ्या भाषेत मांडतात. त्यांच्या मते हे नियम म्हणजे साम्राज्यवादाचे नवे हत्यार होय. कारखानदार आणि कार्यकर्ता एकाच निष्कर्षावर येतात, तेव्हा निदान कार्यकर्त्याने तरी थांबून विचार करावयास हवा. या दोघांनी शत्रू ओळखण्यात चूक केली आहे, आणि या चुकीची किंमत महाबळेश्वरचा स्ट्रॉबेरी उत्पादक, कोकणातील काजूवाला आणि येथल्या शाळकरी मुलांना मोजावी लागते.

जॅम ही वस्तू क्षुल्लक वाटेल. फळ, साखर, थोडे आम्ल, थोडे पेक्टिन आणि विस्तव यापलीकडे त्यात काय आहे? परंतु कच्चा माल पिकविणारा देश आणि पक्का माल विकणारा देश यांच्यातील संबंध समजून घेण्यास याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण.

नियमात लिहिले आहे काय?

प्रथम नियम काय आहे ते पाहू. युरोपीय संघाने २० डिसेंबर २००१ रोजी जॅम, जेली व मार्मालेड यांच्याविषयीचा निर्देश काढला. एक किलो जॅमसाठी निदान ३५० ग्रॅम फळ आणि ‘एक्स्ट्रा जॅम’साठी ४५० ग्रॅम फळ वापरले पाहिजे, असे त्यात ठरले. विरघळलेल्या घनद्रव्याचे प्रमाण सामान्यतः ६० टक्क्यांहून कमी असू नये आणि शंभर ग्रॅम जॅमसाठी किती ग्रॅम फळ वापरले ते लेबलावर छापावे, असेही बंधन आले. २०२४ मध्ये या निर्देशात दुरुस्ती झाली. जॅमसाठी ३५० चे ४५० ग्रॅम झाले, ‘एक्स्ट्रा’साठी ४५० चे ५०० झाले, आणि अंमलाची तारीख १४ जून २०२६ ठरली. यामागील हेतू उघड आहे. बरणीत फळ अधिक असावे आणि फळाच्या नावाने साखर विकली जाऊ नये.

आता भारताचा नियम पाहू. फळांच्या टिकाऊ पदार्थांवर १९५५ च्या फळ उत्पादन आदेशापासून सरकारी नियंत्रण आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यानंतर २०११ मध्ये नवी नियमावली आली. तिने जॅममध्ये ४५ टक्के फळ असलेच पाहिजे, असे ठरविले. म्हणजे युरोप २०२४ मध्ये ज्या आकड्यावर आला, तो आकडा भारताच्या पुस्तकात आधीच होता! मग जाचक नियमाची आरोळी कशासाठी?

या आरोळीचे उत्तर त्याच भारतीय नियमातील एका अपवादात दडले आहे. स्ट्रॉबेरी आणि रास्पबेरी या दोन फळांच्या जॅमसाठी २०११ च्या नियमावलीने ४५ टक्क्यांऐवजी केवळ २५ टक्के फळ पुरेसे मानले. युरोपच्या निर्देशात रेड करंट, ब्लॅक करंट, आले, काजूचे बोंड, पॅशन फ्रूट अशा काही वस्तूंसाठी कमी आकडे आहेत. स्ट्रॉबेरीसाठी मात्र नाही. परिणाम असा की, भारतीय नियमाचे किमान प्रमाण काटेकोर पाळून बनविलेला स्ट्रॉबेरी जॅम युरोपात ‘जॅम’ या नावाने विकताच येत नाही. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक चिन्हांकन मिळाले, त्याचा अभिमान सर्वांनी बाळगला. परंतु त्याच स्ट्रॉबेरीचा जॅम साताऱ्यातील मुलाला २५ टक्के फळ घालून दिला तरी कायद्याला चालतो, आणि जर्मनीतील मुलासाठी त्यात जवळजवळ दुप्पट फळ घालावे लागते. येथे जाच कोणाचा झाला? युरोपच्या नियमाने साताऱ्याच्या शेतकऱ्याकडून अधिक स्ट्रॉबेरी विकत घ्यावी लागते. शेतकऱ्याच्या हिताचा नियम कोणता आणि कारखानदाराच्या हिताचा कोणता, हे सांगण्यास अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही.

कायदा श्रमिकांनी मिळविला

अन्नावरील कायदा ही भांडवलदारांनी जगाला दिलेली देणगी नव्हे. ब्रिटनने १८७४ मध्ये साखरेवरील जकात उठविली, साखर स्वस्त झाली आणि जॅमचे कारखाने झपाट्याने वाढले. पाव आणि त्यावर जॅमचा थर हे इंग्रज कामगाराच्या मुलांचे नित्याचे खाणे झाले. मांस आणि लोणी परवडत नव्हते, म्हणून साखरेने पोट भरावयाचे. ती साखर प्रारंभी गुलामांच्या आणि नंतर करारबद्ध मजुरांच्या घामातून आलेली होती. हा जॅम बनवीत होत्या त्या स्त्रियाच. ऑगस्ट १९११ मध्ये दक्षिण लंडनच्या बर्मंडसी भागातील जॅम, बिस्किटे व इतर खाद्यपदार्थांच्या कारखान्यांतील हजारो स्त्रिया संपावर गेल्या. मेरी मॅकार्थर यांच्या नेतृत्वाखालील स्त्री कामगार महासंघाने त्यांना संघटित केले आणि बहुतेक कारखान्यांत वेतनवाढ पदरात पाडून घेतली. त्याआधीच, १८९६ मध्ये, इंग्लंडच्या सहकारी घाऊक संस्थेने लँकेशायरमधील मिडलटन येथे स्वतःचा जॅमचा कारखाना उघडला होता. सहकारी भांडारांच्या कामगार सभासदांना भरवशाचा जॅम मिळावा, हा त्यामागील उद्देश होता.

भेसळीवर बंधन, लेबलावर खरी माहिती आणि फळाचे किमान प्रमाण या गोष्टी अशा दीर्घ संघर्षातून समाजाच्या अंगवळणी पडल्या. म्हणून समाजवाद्याने अन्नकायद्याला ‘व्यापारातील अडथळा’ म्हणणे म्हणजे स्वतःच्या पूर्वसुरींचा विजय कारखानदाराच्या हवाली करणे होय. दोन हजार मैलांवरचा असो की पाच हजार मैलांवरचा, ग्राहक हा बहुधा श्रमिकच असतो.

याचा अर्थ युरोपचे कायदे निर्मळ न्यायबुद्धीतून जन्मले असाही नव्हे. ब्रिटनने १९७३ मध्ये युरोपीय समुदायात प्रवेश केला. त्यानंतर १९७९ च्या निर्देशात ‘मार्मालेड’ हा शब्द इंग्रजी रिवाजानुसार केवळ लिंबूवर्गीय फळांपुरता राखून ठेवण्यात आला. जर्मन व ऑस्ट्रियन शेतकरी जर्दाळूच्या जॅमला पिढ्यान्‌पिढ्या त्याच नावाने ओळखत होते. त्यांनी गदारोळ केला, तेव्हा २००४ मध्ये स्थानिक बाजारांपुरती सूट देण्यात आली. २०२४ च्या दुरुस्तीने हा शब्द पुन्हा सर्व जॅमसाठी मोकळा करण्याची मुभा सदस्य देशांना दिली. पोर्तुगालमध्ये गाजराचा जॅम करतात, म्हणून निर्देशाच्या दृष्टीने गाजर हेही फळ ठरले! यातून घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. ज्यांचे प्रतिनिधी मेजाभोवती बसतात त्यांच्या स्वयंपाकघराची भाषा कायद्यात उतरते. मोरांबा आणि साखरांबा यांना त्या मेजावर खुर्ची नाही. परंतु हा प्रश्न प्रतिनिधित्वाचा आहे. गुणवत्तेचा दर्जा उतरविण्याचा नव्हे.

खरी भिंत कोठे आहे?

मग भारतीय जॅमला अडवते कोण? त्यासाठी लेबलाकडून जकातीच्या तक्त्याकडे वळले पाहिजे. युरोपीय संघात ताज्या आंब्यावर आयात जकात शून्य आहे. आंबा जसा झाडावरून उतरला तसा पेटीत भरून पाठवा, युरोप एक पैसाही जकात घेत नाही. परंतु त्याच आंब्यात साखर घालून, शिजवून, बरणीत भरून पाठविला, आणि साखरेचे प्रमाण ३० टक्क्यांहून अधिक असले, तर सर्वसाधारण दर २४ टक्के आणि शिवाय दर १०० किलोंमागे २३ युरो असा आहे. जॅममध्ये साखर निम्म्याच्या आसपास असतेच. तेव्हा खरा जॅम या दरातून सुटत नाही. कच्ची कॉफी जकातीविना येते, भाजलेल्या कॉफीवर ७.५ टक्के दर आहे. नियम एकच आहे. मालावर जितके अधिक श्रम झाले, तितकी जकात अधिक. श्रम तेथे करावे, पिकवावे येथे, हे या तक्त्याचे सार आहे.

या दुहेरी जकातीत आणखी एक मेख आहे. उदाहरणादाखल १०० किलो जॅमची किंमत ४०० युरो धरली, तर २४ टक्क्यांप्रमाणे ९६ आणि वर २३ असे ११९ युरो होतात. हे प्रमाण सुमारे ३० टक्के भरते. तोच जॅम साधा, स्वस्त, १०० किलोंना १५० युरोंचा असेल, तर ३६ आणि २३ मिळून ५९ युरो, म्हणजे ३९ टक्क्यांहून अधिक! वजनावरील ठराविक आकारणी स्वस्त मालावर सर्वांत जड पडते. श्रीमंतांच्या मेजावरील जॅमपेक्षा कामगाराच्या घरातील जॅमवर कराचा बोजा अधिक, आणि तो बनविणाऱ्या गरीब देशाच्या उत्पादकावरही अधिक. ज्यांना साम्राज्यवाद शोधावयाचा आहे त्यांनी तो लेबलावरील फळाच्या टक्केवारीत न शोधता या बेरजेत शोधावा.

हापूसची कथा या भिंतीची दुसरी बाजू दाखविते. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंबा आणि चार भाज्या यांच्या आयातीवर फळमाशीच्या कारणाने बंदी घातली. आंब्यावरील बंदी २०१५ च्या प्रारंभी उठली. ऐन हंगामात बाजार बंद झाला तेव्हा देवगड-रत्नागिरीच्या बागायतदाराला काय सोसावे लागले असेल, याची कल्पना करता येईल. शिजविलेल्या जॅममध्ये फळमाशी जगत नाही. तर्काने पाहिले तर प्रक्रिया हीच बागायतदाराची ढाल आहे. परंतु ताजे फळ पाठवावे तर माशी आडवी येते, आणि शिजवून पाठवावे तर जकात. उरते ते पिंपांत भरलेला गर पाठविणे. तो गर दुसऱ्याच्या कारखान्यात जातो, दुसऱ्याच्या नावाने बरणीत भरला जातो आणि बरणीवरील किमतीतला मोठा वाटा तेथेच राहतो.

येथे कोणी म्हणेल की, भारतही बाहेरच्या जॅमवर जकात लावतो. लावतो, आणि लावावीही. ज्या देशात शेतीवर कोट्यवधी माणसे गुजराण करतात त्याने आपला बाल्यावस्थेतील प्रक्रिया उद्योग सांभाळणे आणि ज्या खंडाचा उद्योग शतकापूर्वीच प्रौढ झाला त्याने तेच संरक्षण चालू ठेवणे, या दोन गोष्टी एका तराजूत तोलता येत नाहीत.

दुकानदारांचे राज्य

जकातीमागे आणखी एक भिंत आहे आणि ती कोणत्याही संसदेने बांधलेली नाही. युरोपीय कायद्यानुसार आयात केलेल्या अन्नाची जबाबदारी आयातदारावर असते. माल कोठून आला आणि कोणाला दिला याची नोंद त्याने ठेवावी लागते, आणि लेबलावर युरोपातील जबाबदार व्यापाऱ्याचे नाव-पत्ता लागतो. हे रास्त आहे. परंतु मोठ्या साखळी दुकानांना एवढ्याने समाधान नाही. १९९७ मध्ये युरोपातील किरकोळ विक्रेत्यांनी ‘युरेपगॅप’ नावाची शेतीची खासगी प्रमाणपत्र पद्धती सुरू केली. २००७ पासून ती ‘ग्लोबलगॅप’ या नावाने जगभर पसरली. ब्रिटिश दुकानदारांच्या संघटनेने १९९८ मध्ये कारखान्यांसाठी स्वतःचे मानक काढले. कायद्याने ही प्रमाणपत्रे सक्तीची नाहीत. पण ती नसतील तर बडे दुकान दारात उभे करीत नाही. तपासनीस खासगी, शुल्क उत्पादकाचे, नियम बदलण्याचा अधिकार खरेदीदाराचा! मालाची एक खेप नाकारली गेली तर आयातदार करारातील कलमाने तो तोटा निर्यातदारावर ढकलतो, निर्यातदार शेतकऱ्यावर. शेतकऱ्यापुढे ढकलायला कोणी उरत नाही.

२०१० मध्ये महाराष्ट्रातील द्राक्ष उत्पादकांनी हे अनुभवले. क्लोरमेक्वाट क्लोराइड या संजीवकाचा अंश सापडला म्हणून युरोपात द्राक्षे नाकारली गेली आणि नाशिकच्या शेतकऱ्यावर कर्जाचा डोंगर उभा राहिला. अंश तपासणे चुकीचे नव्हते. चूक होती ती जोखमीचे सारे ओझे सर्वांत दुबळ्या खांद्यावर टाकणाऱ्या व्यवस्थेची.

परंतु द्राक्षांनीच दुसरा धडाही दिला आहे. ‘महाग्रेप्स’ ही द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांची भागीदारी १९९१ मध्ये उभी राहिली. शीतगृह, प्रतवारी, प्रमाणपत्र आणि परदेशी खरेदीदाराशी वाटाघाट यांचा खर्च एकट्या दोन एकरवाल्याला झेपत नाही. तो शेकडो जणांनी वाटून घेतला तेव्हा झेपला. पुढे ‘अपेडा’ या सरकारी संस्थेने बागेपासून बंदरापर्यंतची नोंद ठेवणारी ‘ग्रेपनेट’ पद्धती आणली. म्हणजे नियम पाळणे अशक्य नाही; एकट्याने पाळणे अशक्य आहे. हा फरक ज्याला कळला नाही त्याला सहकार कळला नाही.

महाराष्ट्रात जे उणे आहे ते

धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला त्याला सात दशके उलटली. आज राज्यात साखर आहे, फळ आहे, बचत गटांत संघटित झालेल्या लाखो स्त्रिया आहेत. जॅमला लागणारे आणखी काय हवे? तरीही कोकणात काजूगर काढून घेतल्यावर बोंडांचे खच झाडाखाली कुजतात. गोव्यात त्यांची निदान फेणी तरी होते. आणि ज्या बोंडाची येथे दखल नाही, त्याच्यासाठी युरोपच्या निर्देशात स्वतंत्र आकडा आहे! २००१ च्या मूळ निर्देशात काजूच्या बोंडाच्या जॅमला किलोमागे १६० ग्रॅम फळ पुरेसे मानले होते. ब्रुसेल्सच्या कायदेपंडितांना बोंड ठाऊक आहे. मुंबईच्या मंत्रालयाला ठाऊक असल्याचे दिसत नाही. साखर कारखान्यांनी मद्यार्काचे प्रकल्प उभारले, महाविद्यालये काढली, निवडणुका लढविल्या; फळप्रक्रियेकडे मात्र पाठ फिरविली. सहकाराच्या नावाने सत्ता मिळविणाऱ्यांना याचा जाब विचारला गेला पाहिजे.

आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न घरच्या ग्राहकाचा आहे. भारतात परवानगी असलेल्या आठ कृत्रिम खाद्यरंगांत टार्ट्राझीन, सनसेट यलो, कार्मोइसीन व पोंसो ४आर हे चार रंग आहेत. यांतील कोणताही रंग खाद्यपदार्थात असेल तर मुलांच्या हालचालींवर व अवधानावर त्याचा प्रतिकूल परिणाम होऊ शकतो, असा इशारा छापणे युरोपीय संघाने जुलै २०१० पासून सक्तीचे केले. भारतात ‘परवानगी असलेला कृत्रिम रंग’ एवढे छापले की कर्तव्य संपते. एकच कारखानदार युरोपसाठी एक कढई आणि कोल्हापूर-सोलापूरसाठी दुसरी कढई चढवू शकतो, आणि दोन्ही कायदेशीर! परक्या ग्राहकापुढे नम्र आणि स्वदेशी ग्राहकापुढे बेफिकीर, अशा या व्यापाराला राष्ट्रीय हित म्हणावयाचे काय?

म्हणून समाजवादी कार्यकर्त्यांनी मागण्यांची दिशा बदलली पाहिजे. युरोपीय संघाशी व्यापार कराराच्या वाटाघाटी २००७ मध्ये सुरू झाल्या, २०१३ मध्ये थांबल्या आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. अशा प्रत्येक करारात पहिला प्रश्न हा विचारावा की, प्रक्रिया केलेल्या फळांवरील जकात, विशेषतः वजनावरील ठराविक आकारणी, किती उतरली आणि त्याच्या बदल्यात कोणत्या शेतकऱ्याचे संरक्षण गहाण पडले. दुसरी मागणी अशी की, खासगी प्रमाणपत्राचा खर्च ते मागणाऱ्या खरेदीदाराने उचलावा, आणि अंशतपासणीच्या सरकारी प्रयोगशाळा फळांच्या प्रत्येक जिल्ह्यात, सहकारी संस्था व बचत गट यांना परवडेल अशा दरात उपलब्ध व्हाव्यात. तिसरी मागणी घरातली आहे. स्ट्रॉबेरी जॅमला दिलेली २५ टक्क्यांची सवलत रद्द करावी, फळाचे प्रमाण लेबलावर ठळक आकड्यात छापावे आणि मुलांसाठीचा रंगांचा इशारा येथेही सक्तीचा करावा. यांतील शेवटच्या मागणीसाठी कोणत्याही परक्या सरकारची मनधरणी करावी लागत नाही. ती मान्य होत नसेल तर अडथळा युरोपात नाही, दिल्लीत आहे.

कारखानदारांना परक्या देशाचा कायदा सैल करून हवा आहे, कारण स्वदेशातला कायदा त्यांच्यासाठी सैल आहेच. श्रमिकांच्या पक्षाचे काम याच्या नेमके उलट आहे. जो कायदा बर्लिनच्या कामगाराच्या मुलाला संरक्षण देतो तोच महाबळेश्वरच्या मजुराच्या मुलाला लागू करावयाचा, आणि जी जकात त्या मजुराच्या श्रमाची किंमत बंदरावरच कापून घेते ती पाडावयाची. पहिल्या कामासाठी महाबळेश्वरच्या शेतकऱ्याकडे अधिक फळ आहे. दुसऱ्यासाठी त्याच्या पाठीशी संघटना हवी.